उतरताना गुडघ्यांवर येणारा भार आणि ट्रेकिंग पोल: खरोखर किती फरक पडतो?

नाणेघाटी

जानेवारीतल्या एका रविवारी आमच्या सोसायटीतले नऊ जण कळसूबाईला जाऊन आलो. माझे वय ५७, वजन ७४ किलो, उंची १६८ सेंटिमीटर. उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला दोन वर्षांपासून अधूनमधून दुखते आणि एक्स-रे पाहून डॉक्टरांनी ‘झीज सुरू झाली आहे’ एवढेच सांगितले आहे. बारी गावातून चढताना दम लागला, पण गुडघ्याने काही तक्रार केली नाही. तक्रार सुरू झाली ती उतरताना, वरच्या लोखंडी शिड्या संपल्यावर, जिथे दगडी पायऱ्या आणि घसारा आलटून पालटून लागतात तिथे.

पुतण्याने आग्रहाने दिलेले दोन पोल तोवर मी पाठपिशवीला अडकवून नुसते मिरवत होतो. ते काढले आणि पहिल्या अर्ध्या तासात खरोखरच बरे वाटू लागले. मग एका उंच पायरीवरून पाऊल खाली टाकण्यापूर्वी दोन्ही हातांवर भार दिलेला असताना डाव्या पोलाचा खालचा भाग वीतभर आत सरकला. पडलो नाही, पायरीवर बसकण मारली, इतकेच. फिरवून घट्ट करायच्या प्रकारचा तो पोल नंतरही सैल होत राहिला, म्हणून तो मिटवून ठेवला आणि उरलेला पोल, दुखऱ्या पायाला आधार म्हणून, उजव्या हातात धरून पायथा गाठला. तिसऱ्या दिवशी मांड्या अशा भरून आल्या होत्या की घरात कमोड बसवून घेतल्याबद्दल मी स्वतःचेच आभार मानले.

आता स्वतःचे पोल घ्यावेत असा विचार आहे. दुकानातल्या विक्रेत्याने ‘गुडघ्यावरचा भार पंचवीस टक्के कमी होतो’ असे ठामपणे सांगितले. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की ही निव्वळ फॅशन आहे आणि पोलांची सवय लागली की पाय आळशी होतात. जाणकारांनी कृपया सांगावे: हा पंचवीस टक्क्यांचा आकडा कुठून आला, आणि माझ्यासारख्याने एक पोल घ्यावा की दोन?

खडूस_म्हातारा

आमचे आजोबा डोक्यावर भाताचे पोते घेऊन घाट उतरत असत आणि त्यांच्या हातात काठी नसे. तुम्ही नऊ जणांनी आठवड्यातून चार दिवस जिने चढउतर केले असते तर पुतण्याचे पोल मिरवण्याची वेळच आली नसती. बाकी चालू द्या.

कारवी

खडूसराव, आजोबांचा आदर राखून सांगतो, मी अकोले तालुक्यातलाच आहे आणि आमच्याकडे डोंगरात गुरे राखणारा माणूस काठीशिवाय घराबाहेर पडत नाही. उतारावर तो काठी कशी वापरतो ते पाहण्यासारखे असते. काठी छातीइतकी उंच असते. सपाटीवर तो ती मध्यावर धरतो, उतार लागला की हात वर सरकवतो आणि काठीचे टोक आधी खालच्या पायरीवर टेकवतो, मग पाऊल टाकतो. पोलांची लांबी कमीजास्त करण्याची सोय ज्यासाठी केली आहे, ते काम आमची काठी नुसता हात सरकवून करते. फक्त एक विनंती आहे. पायथ्याला पोचल्यावर झुडपात शिरून कारवीच्या काठ्या तोडू नका. तिला फुलायला सात-आठ वर्षे लागतात आणि हौशी ट्रेकरांच्या टोळ्या एका सकाळी वीस-वीस काठ्या मोडून टाकताना मी पाहिल्या आहेत.

तराजू

पंचवीस टक्क्यांचा आकडा खोटा नाही, पण तो ज्या परिस्थितीत मिळाला ती परिस्थिती विक्रेते सांगत नाहीत. ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग येथील संशोधकांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठ जणांना २५ अंश उताराच्या कृत्रिम रॅम्पवरून पोलांसह आणि पोलांविना चालवले. जमिनीकडून पायाला मिळणारा प्रतिरोध, गुडघ्याला वाकवू पाहणारा जोर आणि गुडघ्याच्या हाडांमधला दाब या सर्वांत पोलांमुळे १२ ते २५ टक्के घट आढळली. म्हणजे २५ हा वरचा आकडा झाला, आणि २५ अंशांचा उतार म्हणजे शंभर मीटर आडवे अंतर कापताना सुमारे ४७ मीटर खाली येणे. सिंहगडाच्या वाटेवर असे टप्पे आहेत. लक्ष्मी रस्त्यावर नाहीत. विक्रेता हा आकडा सकाळी बागेत फिरायला जाणाऱ्यालाही सांगतो, तिथे गफलत होते.

त्या अभ्यासात घट होण्याची कारणेही दिली आहेत आणि मला ती टक्क्यांपेक्षा उपयोगाची वाटतात. एक तर भाराचा काही वाटा हातांतून थेट पोलावर जातो. दुसरे म्हणजे पोल पुढे टेकलेले असल्यामुळे माणूस धड थोडे पुढे झुकवण्यास धजावतो. पोल नसतील तर घसरण्याच्या भीतीने आपण मागे रेलतो, शरीराचा भार गुडघ्याच्या बराच मागे पडतो आणि मांडीच्या पुढच्या स्नायूला तेवढ्याच जोराने गुडघा सावरून धरावा लागतो. तो स्नायू जितका जोरात ओढेल तितकी वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. धड पुढे आले की तरफेचा हा दांडा आखूड होतो.

मूळ भार किती असतो याचाही अंदाज असावा. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात पाच रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यांत मापक बसवून मोजणी केली गेली होती. सपाटीवर चालताना सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे २.६ पट, तर जिना उतरताना सुमारे ३.५ पट भार आढळला. नाणेघाटी यांच्या ७४ किलोंना हा हिशेब लावला तर सपाटीवर सुमारे १९० किलो आणि पायऱ्या उतरताना अडीचशे किलोंच्या पुढे. रॅम्पवरची टक्केवारी दगडी पायऱ्यांना जशीच्या तशी लावता येणार नाही, तरीही अडीचशेतले दहा टक्के म्हणजे प्रत्येक पावलाला २५ किलो होतात, हे ध्यानात घ्यावे.

काल संध्याकाळी घरीच एक खटाटोप केला. वजनकाट्यावर उभा राहिलो आणि पोलांची टोके काट्याच्या बाहेर फरशीवर टेकवली. माझे वजन ८१. पोल नुसते धरून उभा असताना काटा ८० दाखवत होता, म्हणजे पोल धरले म्हणून काहीही होत नाही. तळवा खाली दाबून सहज जमेल इतका जोर दिला तेव्हा ७३. दात-ओठ खाऊन रेटले तेव्हा ६६, पण अर्ध्या मिनिटात दंड थरथरू लागले. उभे राहणे आणि चालणे यांत फरक आहे हे मान्य करूनही मला यातून कळले ते असे की ८० आणि ७३ यांमधले अंतर ज्याच्या त्याच्या हातात असते. गडावर पोल घेतलेल्यांपैकी निम्मे लोक पहिल्या प्रकारात मोडतात असे माझे मत आहे.

उत्तरायण

मी गेली अकरा वर्षे फिनलंडमध्ये, हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पो येथे राहते. इथे दोन पोल घेऊन सपाटीवर चालणे हा रोजचा प्रकार आहे आणि त्याला ‘सौवाकावेली’ म्हणतात. सौवा म्हणजे काठी आणि कावेली म्हणजे चालणे. बर्फावर स्की करणारे खेळाडू उन्हाळ्यात सरावासाठी काठ्या घेऊन पळत आणि चालत असत. त्यातून १९९७ च्या सुमारास सर्वसामान्यांसाठी वेगळे पोल बाजारात आले आणि पुढे जगभर ‘नॉर्डिक वॉकिंग’ या नावाने ते पसरले. आमच्या इमारतीतल्या ऐंशी वर्षांच्या आजी उणे दहा अंशांत रबरी टोपी काढून, लोखंडी टोक बर्फात रुतवत दुकानात जातात.

हे लिहिण्याचे कारण असे की भारतातले नातेवाईक दोन्ही प्रकार एकच समजतात. नॉर्डिक पद्धतीत पोल तिरका मागे टेकवून शरीर पुढे ढकलायचे असते. त्यामुळे हात, खांदे, पाठ यांना काम मिळते, नाडी वाढते, त्याच वेगाने चालूनही अधिक ऊर्जा खर्च होते. हृदयासाठी हे चांगलेच आहे. पण त्यात पाऊल लांब पडते आणि टाच जोरात आपटते. डेन्मार्क आणि जर्मनीत झालेल्या मोजण्यांमध्ये अशा चालण्याने गुडघ्यावरचा भार साध्या चालण्यापेक्षा कमी झाल्याचे आढळले नाही. मीही सुरुवातीला ‘गुडघ्यांसाठी’ म्हणूनच हे पोल घेतले होते. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले की गुडघ्यांसाठी घेतले असतील तर पाऊल आखूड टाका, आणि पाऊल आखूड टाकणार असाल तर ही पद्धत नीट जमणार नाही.

सांधेजोड

मी नाशिकमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. रुग्णाला न तपासता सल्ला देणे योग्य नाही, म्हणून जे सर्वसाधारणपणे लागू पडते तेवढेच लिहिते.

नाणेघाटी, तुम्ही उरलेला पोल उजव्या म्हणजे दुखऱ्या बाजूच्या हातात धरलात. दहांतले आठ रुग्ण हेच करतात, कारण जिथे दुखते तिथे टेकू द्यावा असे मनाला वाटते. एकच काठी असेल तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात असावी आणि दुखरा पाय व काठी एकाच वेळी पुढे जावीत. यामागचे गणित खुब्यावर सर्वांत स्पष्ट दिसते. आपण उजव्या पायावर उभे असतो तेव्हा शरीर डावीकडे कलंडू पाहते आणि उजव्या खुब्याच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू त्याला धरून ठेवतो. हा स्नायू सांध्याच्या अगदी जवळ असल्यामुळे त्याला शरीराच्या वजनाहूनही अधिक जोराने ओढावे लागते आणि ती सगळी ओढ सांध्यावर दाब म्हणून येते. डाव्या हातातली काठी सांध्यापासून पुष्कळ दूर असते, म्हणून तिच्यावर दिलेला थोडासा जोरही त्या स्नायूचे बरेच काम वाचवतो. काठी उजव्या हातात घेतली तर हा फायदा जवळजवळ नाहीसा होतो.

गुडघ्याच्या आतल्या बाजूची झीज असताना पाय किंचित बाहेर कमानीसारखा वाकतो आणि प्रत्येक पावलाला भार आतल्या कप्प्यावर अधिक पडतो. विरुद्ध हातातल्या काठीवर नीट जोर दिला तर हा आतला भार कमी होतो, आणि जितका जोर जास्त तितका तो अधिक कमी होतो, हे मोजून दाखवले गेले आहे. दोन पोलांबाबत मात्र चित्र तितके सरळ नाही. कॅनडात अशा कमानदार पायांच्या रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात दोन पोलांनी जमिनीवरचा एकूण भार थोडा कमी झाला, पण भार गुडघ्याच्या आतल्या कप्प्याकडे ढकलणारा जोर कमी न होता किंचित वाढलेला आढळला. म्हणून रोजच्या सपाट चालण्यासाठी, झीज आतल्या बाजूला असेल तर, मी रुग्णाला दोन फॅशनेबल पोलांऐवजी विरुद्ध हातात एक साधी काठी सुचवते. लोकांना ती आवडत नाही. पोल घेतला की माणूस ट्रेकर दिसतो आणि काठी घेतली की म्हातारा; बहुतेकांचा खरा आक्षेप एवढाच असतो.

डोंगर उतरणे ही निराळी गोष्ट आहे. तिथे प्रश्न केवळ आतल्या कप्प्याचा नसतो. पाऊल खाली टाकताना वाकलेला गुडघा मांडीच्या स्नायूने सावरायचा असतो, आणि तो स्नायू आखडण्याऐवजी ताणला जात असताना जोर लावत असतो. ब्रेक दाबून घाट उतरण्यासारखेच हे काम आहे. तिसऱ्या दिवशी तुमच्या मांड्या भरून आल्या त्या यामुळे. वेल्समधल्या स्नोडन या १,०८५ मीटर उंच डोंगरावर ३७ जणांना नेऊन, निम्म्यांना पोल देऊन आणि निम्म्यांना न देता, पुढचे काही दिवस तपासले गेले होते. पोलवाल्यांच्या स्नायूंतले दुखणे कमी होते आणि ताकदही लवकर परत आली. स्नायू थकला की सांध्याला सावरणारे कोणी उरत नाही, त्यामुळे लांब उतारावर दोन पोल घ्यावेत असेच मी सांगेन. पाठीवर ओझे असतानाही उतारावर घोटा, गुडघा आणि खुबा या तिन्ही सांध्यांवरचा जोर पोलांनी कमी होतो, असे मोजमाप अमेरिकेत झालेले आहे.

पाय आळशी होतात या शंकेत थोडे तथ्य आहे. आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाच्या वैद्यकीय समितीने पोलांची शिफारस करतानाच इशारा दिला आहे की ते सतत वापरल्यास तोल सांभाळण्याची क्षमता मंदावते. चढ सोपा असेल तेव्हा पोल पाठीवर ठेवावेत. आणि खडूस_म्हातारा यांचा जिन्यांचा सल्ला, त्यातला टोमणा वगळला तर, चुकीचा नाही. मांड्यांचा व्यायाम केल्याशिवाय नुसते पोल विकत घेणाऱ्यांना माझ्याकडे पुन्हा यावे लागते.

खडूस_म्हातारा

टोमणा वगळला तर माझ्या लिखाणात काही उरत नाही, तरीही आभार. माझ्या घरात सासऱ्यांची शिसवी काठी आहे. ती कोणत्या हातात धरायची हे आज वयाच्या ७१ व्या वर्षी कळले.

कारवी

पोलांच्या वापराबद्दल दोन गोष्टी लिहितो, कारण दर रविवारी त्याच चुका दिसतात. पट्ट्यात हात वरून घालू नये. खालून वर घालावा आणि मग पट्ट्यासकट मूठ धरावी, म्हणजे भार मनगटावरून पट्ट्यावर जातो आणि मूठ आवळावी लागत नाही. मात्र निसरड्या दगडांच्या भागात पट्टा काढून टाकावा, नाहीतर पोल फटीत अडकला आणि माणूस पुढे गेला की अंगठा मुरगळतो. लांबी सपाटीवर कोपर काटकोनात येईल इतकी असावी. १६८ सेंटिमीटर उंचीला ११०–११५ पुरते, उतारावर पाचेक सेंटिमीटर वाढवावी.

आणि शिड्यांवर, कातळटप्प्यावर, साखळी धरून उतरायच्या जागी पोल हातात नकोत. मिटवून पाठीला लावावेत, टोके खाली करून. कळसूबाईच्या शिडीवर मनगटाला लोंबकळणारा पोल कठड्याच्या गजात अडकून एक बाई हेलपाटलेली मी स्वतः पाहिली आहे. मागे रांग होती म्हणून सावरल्या.

रबरी टोपीबद्दलही सांगायला हवे. मातीच्या वाटेवर ती काढावी. ओल्या मातीत टोपी घसरते. कोरीव पायऱ्यांवर मात्र लावावी. आत टंगस्टन कार्बाइडचे टोक असते आणि गडाच्या पायऱ्यांवर त्याचे पांढरे ओरखडे आता ठिकठिकाणी दिसू लागले आहेत.

तराजू

सरकणाऱ्या पोलाबद्दल राहिले होते. फिरवून घट्ट करायच्या पोलात आतली रबराची किंवा प्लॅस्टिकची फुगणारी गुंडी नळीला आतून दाबून धरते. तिच्यावर धूळ, ओल किंवा तेलकटपणा आला की ती सुटते. नळ्या वेगळ्या करून कोरड्या कापडाने पुसाव्यात, तेल कधीही घालू नये. बाहेरून खटका असलेला पोल थोडा जड असतो, पण तो बंद आहे की नाही हे डोळ्यांना दिसते. दुकानात घेतानाच लांबी लावून, खटका बंद करून, वरून अंगाचा भार टाकून पाहावा. विक्रेता नाराज होईल, होऊ द्यावा.

नाणेघाटी

सर्वांचे मनापासून आभार. खटक्याचे दोन पोल घेतले, दुकानात भार टाकून पाहिला (विक्रेता नाराज झाला), आणि गेल्या रविवारी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढून उतरलो. मधल्या सहा आठवड्यांत फिजिओथेरपिस्टकडे जाऊन मांड्यांचे व्यायाम शिकून घेतले होते. त्यामुळे फरक पोलांचा किती आणि व्यायामाचा किती हे मला सांगता येणार नाही. शिवाय सिंहगडाचा उतार कळसूबाईपेक्षा लहान आहे.

चढताना पोल पाठीवरच ठेवले. उतरताना लांबी ११२ वरून ११८ केली आणि तराजू यांचा वजनकाटा डोळ्यांसमोर ठेवून प्रत्येक पायरीला तळवा खाली दाबत राहिलो. सर्वांत कठीण गेले ते पुढे झुकणे. डोके सांगत होते की मागे रेल, आणि जितक्या वेळा मागे रेललो तितक्या वेळा गुडघ्याने आतल्या बाजूला टोचून आठवण दिली. पोल दोन्ही एकदम पुढे, मग उजवा पाय, मग डावा, हा ठेका साधायला पंधरा मिनिटे लागली. शेवटच्या टप्प्यात दुखू लागले, पण आधीसारखे पाय ओढत उतरावे लागले नाही. दुसऱ्या दिवशी मांड्या ठीक होत्या. दंडांच्या मागची बाजू मात्र दुखत होती, आणि हे मी शुभलक्षण मानतो. सोसायटीत रोज फिरताना आता डाव्या हातात एकच पोल असतो. दोघांनी ‘पाय मोडला का’ असे विचारून झाले आहे.

एक लहानसा प्रश्न उरला. उजव्या पोलाची रबरी टोपी वाटेत कुठेतरी गळून पडली आणि दुकानदार सुटी टोपी देत नाही, पूर्ण जोडीच घ्या म्हणतो. काही उपाय आहे का?

कारवी

वैद्यकीय साहित्याच्या दुकानात काठीची आणि कुबडीची रबरी बुचे सुटी मिळतात. त्यांतले सर्वांत लहान घ्यावे. पोलाच्या टोकाला ते सैल होते, म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी आधी टोकावर दोन वेढे गुंडाळावी आणि मग बूच पाणी लावून, पिळत बसवावे. माझे दोन पावसाळे टिकले आहे.